फॉरेस्ट गावचा डोनाल्ड

यंदाच्या मालेत स्वमग्नतेवर आम्ही बोलणार असे जाहीर झाले, तेव्हा दोघातिघा परिचितांनी आम्हाला वाटेत गाठून एकच प्रश्न विचारला: 'लहान मुलांचा विषय तुम्ही कसा काय घेतलात?' हा प्रश्न आम्हाला फार उपयोगी पडला, कारण आज जे सांगायचे आहे त्याचे बीज त्यातच आहे. स्वमग्नता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चारपाच वर्षांचे एक मूल उभे राहते. ते नजरेला नजर देत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, खेळण्यातल्या गाडीचे चाक तेवढे तासन्तास फिरवीत बसते. हे चित्र खोटे नाही. पण मूल काही चार वर्षांचे राहत नाही. ते चौदाचे होते, चाळीसाचे होते, त्याचे केस पिकतात, त्याचे आईबाप जातात. मग त्याचे काय होते, हा प्रश्न शास्त्राने फार उशिरा विचारला आणि समाजाने तर त्याहूनही उशिरा. त्या प्रश्नाचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत, आणि तो होता होईल तो एकाच माणसाच्या आयुष्याला धरून सांगणार आहोत.

आधी शब्दाविषयी थोडे. झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ साली आपल्या ग्रंथात 'ऑटिझम' हा शब्द वापरला. ग्रीक भाषेत 'आउटोस' म्हणजे स्वतः. छिन्नमनस्कतेचे रुग्ण बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्या आत राहतात, त्या स्थितीला त्यांनी हे नाव दिले. म्हणजे शब्द जन्मला तो मोठ्या माणसांसाठी आणि एका वेगळ्याच आजारासाठी. मुलांच्या वाट्याला तो मागाहून आला. आपल्याकडे त्याला 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द गोड आहे, पण थोडा फसवा आहे. ध्यानमग्न, कार्यमग्न असे आपण कौतुकाने म्हणतो. त्यामुळे स्वमग्न माणूस म्हणजे आपल्यातच सुखाने बुडालेला, ज्याला दुसऱ्या कोणाची गरजच नाही असा माणूस, अशी समजूत सहज होऊन बसते. ही समजूत कितपत खरी आहे, ते डोनाल्डच्या हकीकतीतच पाहावे.

आजच्या ज्ञानाप्रमाणे ही ताप येऊन उतरावा तशी व्याधी नव्हे. ती मेंदूची घडणच जन्मतः निराळी असते आणि ती आयुष्यभर राहते. माणसामाणसांतील न बोलता चालणारी देवघेव, म्हणजे सूर, नजर, भुवई, आडून बोललेले शब्द, ही त्या व्यक्तीला आपोआप उमगत नाही. ठरलेला क्रम मोडला तर जीव कासावीस होतो. एखाद्या विषयाची गोडी लागली तर ती अथांग असते. आवाज, उजेड, स्पर्श हे कधी असह्य होतात, कधी जाणवतही नाहीत. कोणाला बोलताही येत नाही आणि जन्मभर दुसऱ्याच्या हाताने जेवावे लागते. कोणी विद्यापीठात शिकवितो. या दोघांना एकाच नावाखाली का आणले, हे पुढे सांगू.

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहान गाव आहे. तेथे ८ सप्टेंबर १९३३ रोजी डोनाल्ड ट्रिपलेट जन्मला. वडील बीमन हे येल विद्यापीठात कायदा शिकलेले वकील. आई मेरी हिच्या माहेरच्या मंडळींची गावात बँक. वर्षाच्या आतबाहेर असताना हा मुलगा गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणत असे. दोन वर्षांचा झाला तेव्हा बायबलातील एक स्तोत्र आणि ख्रिस्ती धर्मपाठातील २५ प्रश्नोत्तरे त्याला तोंडपाठ होती. मुळाक्षरे तो सुलट म्हणे तशी उलटही म्हणे. पण वडील घरी आले की इतर मुले धावतात तसा तो कधी धावला नाही. एकटा असला की सर्वांत खूष. भांडी, झाकणे, ठोकळे, जे गोल फिरेल ते फिरवायचे आणि आनंदाने उड्या मारायच्या, हा त्याचा खेळ. 'हो' म्हणायला तो शिकेना, तेव्हा वडिलांनी सांगितले, 'हो म्हणालास तर खांद्यावर घेईन.' तो 'हो' म्हणू लागला. पण त्याच्या कोशात 'हो' या शब्दाचा अर्थ 'मला खांद्यावर घ्या' एवढाच झाला. आम्हाला ही गोष्ट फार बोलकी वाटते. मुलाचे तर्कशास्त्र चुकलेले नाही. ते फक्त आपल्यापेक्षा अधिक काटेकोर आहे.

डॉक्टरांचा सल्ला पडला की वातावरण बदलावे. ऑगस्ट १९३७ मध्ये, वयाची चार वर्षे पुरी होण्यापूर्वीच, डोनाल्डला क्षयप्रतिबंधक बालगृहात ठेवण्यात आले. त्याला क्षय नव्हता. पण अशा मुलांना ठेवायला दुसरी जागाच नव्हती. तेथे तो सुरुवातीला नुसता निश्चल बसून राही. सुमारे वर्षभराने आईबापांनी संचालकांचा सल्ला न मानता त्याला परत आणले. त्यांनी मुलाविषयीचा अहवाल मागितला, तेव्हा संचालकांनी अर्ध्या पानात आटोपले आणि एखाद्या ग्रंथीचा विकार असावा असे लिहिले. या अर्ध्या पानाशेजारी दुसरा एक कागद ठेवून पाहावा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर नावाचे बालमनोविकारतज्ज्ञ होते. जन्माने ऑस्ट्रिया-हंगेरीचे, १९२४ साली अमेरिकेत आलेले, बालमनोविकारांवर १९३५ साली ग्रंथ लिहिलेले. त्यांना बीमन ट्रिपलेट यांनी १९३८ साली मुलाची हकीकत टंकलिखित करून पाठविली. ती ३३ पाने भरली.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅनरांनी मुलाला पाहिले. आपल्याला माहीत असलेल्या कोणत्याच रोगात हा बसत नाही, हे त्यांनी ओळखले आणि मोकळेपणाने मान्य केले. पुढच्या चारपाच वर्षांत तशी आणखी मुले त्यांच्याकडे आली. १९४३ साली 'द नर्व्हस चाइल्ड' या नियतकालिकात त्यांनी ११ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला: आठ मुलगे, तीन मुली. पहिले प्रकरण 'डोनाल्ड टी.' याचे. आज जगभर जे निदान केले जाते त्याची वंशावळ बव्हंशी या लेखापासून धरली जाते. 'बव्हंशी' असे म्हणण्याचे कारण, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी १९२५ सालीच तशाच सहा मुलग्यांचे बारकाईने वर्णन केले होते. त्याकडे पश्चिमेचे फारसे लक्ष गेले नाही. व्हिएन्नाचे हान्स आस्पर्गर यांचा निबंध १९४४ चा. त्यांचे नाव पुढे एका निदानाला मिळाले. पण नाझी राजवटीत त्यांनी काही मुले ज्या संस्थेत पाठविली तेथे अपंग मुलांना मारले जात असे, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पुढे आले, आणि आता ते नाव घेताना पुष्कळांची जीभ अडखळते.

कॅनरांच्या लेखात एक विषारी बीही होते. बीमन यांच्या त्या ३३ पानांतील बारकाव्याविषयी कॅनर म्हणतात की तपशिलाचा हा सोस जरा अतिरेकीच आहे. मुलासाठी बापाने लिहून पाठविलेले पान हेच बापाच्या स्वभावदोषाचे चिन्ह ठरले! अकराही घरे बुद्धिमान, पण त्यांत जिव्हाळा कमी, असे निरीक्षण कॅनरांनी नोंदविले. पुढे त्यातून 'थंड आई'चा सिद्धांत वाढला आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तो घरोघर नेला. आईच्या थंडपणामुळे मूल असे झाले! या एका वाक्याने किती आयांची झोप गेली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्याआधी १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हा दोष आईबापांचा नसून मेंदूच्या घडणीचा आहे असे पुस्तकभर पुरावे देऊन मांडले होते. कॅनरांनी १९६९ साली पालकांच्या सभेत उभे राहून त्यांना दोषमुक्त केले. आमच्या मते त्यांनी हे वीस वर्षे आधी करायला हवे होते. पण चूक जाहीर सभेत मागे घेणारे विद्वान मोजकेच असतात, हेही खरे.

आता पुन्हा डोनाल्डकडे वळू. घरी आईचा दिवस त्याच्या मागे धावण्यात जाई. १९४२ साली, तो नऊ वर्षांचा होत असताना, आईबापांनी त्याला गावापासून सुमारे दहा मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. जमीन दुसऱ्याची, शिक्षण बेताचे, पोटी मूल नाही. मे १९४५ मध्ये कॅनर मुद्दाम तेथे गेले आणि जे दिसले त्याने थक्क झाले. डोनाल्डला मापे घेण्याचे वेड होते. सारखे काहीतरी मोजायचे. शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावले आणि खोली किती गेली ते वेळोवेळी सांगण्याचे काम दिले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. जोडप्याने त्याला रागावून ते फेकून दिले नाहीत. अंगणाचा एक कोपरा देऊन म्हटले, 'येथे यांचे स्मशान कर.' त्याने प्रत्येक जिवाची खूण उभारून तीवर नाव लिहिले: पहिले नाव आपल्या मनचे, मधले नाव प्राण्याच्या जातीचे आणि आडनाव त्या शेतकऱ्याचे. जन्मतारीख अज्ञात, मृत्यू सापडला त्या दिवशी. मक्याच्या ओळी तो पुन्हापुन्हा मोजी. शेतकरी म्हणाला, 'मोज की. पण नांगर धरून मोज.' कॅनरांच्या समोर त्याने घोडा जुंपून सहा लांबलचक ओळी नांगरल्या आणि दर ओळीच्या टोकाशी घोडा नीट वळवून घेतला.

येथे आम्ही थोडे थांबू इच्छितो, कारण आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठा शोध कोणत्याही विद्यापीठात लागलेला नसून त्या कुळाच्या शेतात लागला. मोजण्याचे वेड हा काढून टाकायचा दोष आहे असे त्या जोडप्याने मानले नाही. तेच हाताशी धरून त्याला कामाची दिशा दिली. विहिरीला खोली लागते, आणि खोली मोजायला माणूस लागतो. मुलगा बदलला नाही. कामाची जागा तेवढी त्याच्या मापाची झाली. जवळच्या खेड्यातील शाळेतही त्याच्या तऱ्हा चालवून घेतल्या गेल्या आणि तो बरा अभ्यास करू लागला.

बाकीच्या दहांचे काय झाले? २८ वर्षांनी, १९७१ साली, कॅनरांनी स्वतःच त्या अकरा जणांचा मागोवा घेतला. तो लेख जितका प्रसिद्ध व्हायला हवा होता तितका झालेला नाही. ज्या मुलांना सरकारी संस्थांत कायमचे ठेवले गेले, ती तेथे विझून गेली. लहानपणी ज्यांच्या स्मरणशक्तीने डॉक्टरांना चकित केले होते, ती मोठेपणी लांबलचक दालनांत कोपरा धरून बसली होती. संस्थेत पाठविणे म्हणजे जन्मठेपच ठरली, अशा अर्थाचे कॅनरांनी लिहून ठेवले आहे. उलट हर्बर्ट नावाचा मुलगा, जो बोलतच नसे, एका शेतकरी कुटुंबात राहिला, शेतीची कामे शिकला आणि पुढे त्याच बाईंनी वृद्ध स्त्रियांसाठी शुश्रूषागृह काढले तेव्हा तेथे उपयोगी पडू लागला. फ्रेडरिक हा एका सरकारी कचेरीत नकला काढण्याच्या यंत्रावर काम करी आणि त्याच्या वरिष्ठांनी त्याची लेखी प्रशंसा केली होती. एकाच लेखातील, एकाच निदानाची ही मुले! भेद सर्वस्वी जागेचाच होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या मूळच्या शक्तीतही फरक होताच. पण जागेने केलेला फरक डोळ्याआड करता येत नाही.

हे वाचताना आम्हाला आमच्या लहानपणच्या वाड्यातील एक गृहस्थ आठवले. मागच्या दोन खोल्यांत ते आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत. वय चाळिशीचे. रोज सायंकाळी ठरल्या वेळी एस. टी. स्टँडवर जाऊन येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ ते जुन्या डायरीत टिपून घेत. गाडी उशिरा आली की त्यांची घालमेल होई, येरझारा सुरू होत. आम्ही पोरे त्यांना आपापल्या जन्मतारखा सांगून वार विचारीत असू. तो ते क्षणात सांगत, आणि मग आम्ही खिदळत पळून जात असू. आई वारल्यावर नातेवाइकांनी त्यांना परगावी वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवले. डायऱ्या रद्दीत गेल्या. काही वर्षांनी ते तेथेच वारल्याचे कळले. ते स्वमग्न होते की काय, हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. गेलेल्या माणसाचे निदान आठवणींवरून करू नये. मात्र एस. टी.च्या चौकशीच्या खिडकीमागे त्यांना एखादी खुर्ची मिळाली असती, तर गावाला केव्हाही गाडी विचारता आली असती, हा विचार आमच्या वाड्यातील कोणाच्याही मनात कधी आला नाही, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. आम्ही त्याच वाड्यात वाढलो.

डोनाल्ड चौदाएक वर्षांचा असताना सांध्यांच्या विकाराने फार आजारी पडला. त्यातून उठला तो घरीच राहिला आणि गावातल्या शाळेत जाऊ लागला. तेथे त्याची कीर्ती झाली ती आकड्यांमुळे. गावात मनाचे खेळ करणारा एक कलावंत आला होता. त्याने ८७ गुणिले २३ विचारताच डोनाल्ड म्हणाला, २००१. दुसरी आख्यायिका विटांची. काही पोरांनी त्याला एका मोठ्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत विटा किती ते विचारले. त्याने एकवार वर पाहिले आणि आकडा सांगून टाकला. गावात ही गोष्ट पुढे कित्येक दशके सांगितली जात होती. १९५३ साली तो शाळेतून उत्तीर्ण झाला, १९५८ साली जॅक्सन शहरातील मिलसॅप्स कॉलेजातून फ्रेंच घेऊन पदवीधर झाला आणि आईच्या माहेरच्या त्या बँकेत रोखपाल म्हणून बसला. वयाच्या २७ व्या वर्षी मोटार चालवायला शिकला. गॉल्फची गोडी लागली, ती म्हातारपणापर्यंत टिकली. लग्न केले नाही. आईवडिलांच्या घरातच राहिला. १९८० साली वडील गेले, १९८५ साली आई गेली, तरी घर बदलले नाही. कोठे काही अडले तर धाकटा भाऊ जवळच होता.

आणि त्याने प्रवास किती केला! २०१० साली जॉन डॉनव्हन आणि कॅरेन झुकर हे दोन पत्रकार त्याला शोधीत फॉरेस्टला गेले, तेव्हा ७७ वर्षांच्या डोनाल्डने २८ परदेश आणि अमेरिकेची ३६ राज्ये पाहिलेली होती. एका फेरीत सहा दिवसांपेक्षा अधिक काळ बाहेर राहायचे नाही, हा त्याचा नेम. बरोबरच्या प्रवाशांशी मैत्री करायची नाही. चित्रांत पाहिलेली स्थळे स्वतःच्या कॅमेऱ्यात टिपायची आणि परत यायचे. गावातल्या ओळखीच्या माणसांना तो मनोमन एकेक आकडा देई आणि तो वर्षानुवर्षे विसरत नसे. ज्याला आकडा मिळाला त्याला तो मान वाटे. सकाळी मित्रमंडळीत कॉफी, मग बँक, मग गॉल्फचे मैदान. बोलणे तुटक, उत्तर एका वाक्याचे, आणि वाक्य संपले की माणूस वळून चालू लागला. गावाने हे सगळे 'डॉनची तऱ्हा' म्हणून खात्यावर मांडून टाकले होते. त्या दोन पत्रकारांना या गावात एक अनुभव पुन्हापुन्हा आला. डोनाल्डची चौकशी करताच लोक सौजन्याने बोलत, आणि शेवटी बजावीत की तुमच्या लिहिण्याने त्याला इजा झाली तर तुम्हाला कोठे गाठायचे ते आम्ही जाणतो.

आता या चित्राची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. डोनाल्डच्या मागे घरची बँक होती. नोकरी मागायला त्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. आईबापांनी त्याच्यासाठी पैशाची तजवीज करून ठेवली होती. तो गोरा होता. त्या काळच्या मिसिसिपीत एखाद्या काळ्या शेतमजुराच्या मुलाने असेच झाकण फिरविले असते, तर त्याचा बाप ३३ पाने टंकलिखित करून बाल्टिमोरला पाठविता ना. कॅनरांची अकराही घरे सुशिक्षित निघाली याचे कारण स्वमग्नता सुशिक्षितांना होते हे नव्हे. बाल्टिमोरपर्यंत पोचण्याची ऐपत त्यांनाच होती, हे आहे. गावाचे प्रेम खरेच होते. पण सावकाराच्या नातवाच्या तऱ्हा गाव लवकर खपवून घेते, हे आपल्याला फॉरेस्टला न जाताही कळते.

या अल्पसंख्य ओळखीच्या पलीकडे जी असंख्य माणसे होती, ती दिसू लागली १९७० नंतर. लंडनच्या लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ, आणि एका स्वमग्न मुलीची आई. जुडिथ गूल्ड यांच्यासह त्यांनी कॅम्बरवेल भागातील मुलांची पाहणी करून १९७९ साली दाखविले की कॅनरांच्या काटेकोर व्याख्येत न बसणारी, पण त्याच जातीच्या अडचणी असलेली मुले कितीतरी आहेत. सप्तरंगी पट्ट्यात एक रंग कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे दाखविता येत नाही, तसे हे आहे. म्हणून न बोलणारा आणि विद्यापीठात शिकविणारा एका नावाखाली आले. १९८१ साली विंगबाईंनी आस्पर्गरचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले, आणि त्यात प्रौढांची उदाहरणे होती. त्याच सुमाराची एक गंमत पाहा. अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत नियमावलीत १९८० साली या स्थितीचे नावच 'शैशवातील' ऑटिझम असे होते. आणि मोठे झालेल्यांसाठी शब्द होता 'अवशिष्ट अवस्था'. म्हणजे माणूस प्रौढ झाला की तो स्वतःच्या बालपणाचे उरलेसुरले! २०१३ च्या आवृत्तीत सर्व पोटभेद एका व्यापक नावाखाली आले. लक्षणे लहानपणापासूनची असली तरी परिस्थितीचा ताण शक्तीबाहेर जाईपर्यंत ती दिसून येणार नाहीत, हेही तीत मान्य झाले.

मग प्रौढ माणसे स्वतः बोलू लागली. टेम्पल ग्रँडिन यांनी १९८६ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. गुरे बिथरू नयेत अशा वाटा आणि आवारे आखण्यात त्या निष्णात. सावली, साखळीची खळखळ, अचानक हालचाल यांनी जनावर का दचकते हे आपल्याला कळते, कारण आपणही तसेच दचकतो, असे त्यांचे सांगणे. १९९३ साली जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने पालकांच्या सभेत रोखठोक सांगितले की आमच्यासाठी शोक करू नका. तुम्ही ज्या मुलाची वाट पाहिली ते आले नाही याचे दुःख असेल, पण जे आले आहे ते येथे उभे आहे. काही पालकांना हे आवडले नाही, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. ज्यांचे मूल तिशीतही स्वतःच्या डोक्यावर मारून घेते, त्यांना हे बोल बोचले तर नवल नाही. आम्हाला दोन्ही पक्ष खरे वाटतात.

चाळिशीत, पन्नाशीत स्वतःचे निदान कळलेल्या माणसांचे अनुभव आता पुष्कळ छापले गेले आहेत. त्यांत बायका फार, कारण मुलीचा अबोलपणा हा सद्गुण समजला जातो आणि निदान राहून जाते. ही माणसे सांगतात की जन्मभर आपण बहुरूप्यासारखे वागलो. कोठे हसायचे, किती वेळ डोळ्यांत पाहायचे, 'या एकदा घरी' हे खरे आमंत्रण की निरोपाची रीत, हे सारे पाठ करून ठेवले. दिवसभर सोंग वठविल्यावर संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. कचेरीतल्या दिव्याची बारीक गुणगुण, लग्नातला बँड, मागून खांद्यावर पडलेला मित्राचा हात, हे सारे त्यांना इतके जड जाते याची बरोबरच्यांना कल्पना नसते. निदान ऐकून कित्येकांना रडू आले, आणि ते सुटकेचे होते. आपण आळशी नव्हतो, माणूसघाणे नव्हतो, हे कळायला अर्धे आयुष्य गेले.

आपल्याकडे यात लग्नाची भर पडते. मुलगा तऱ्हेवाईक आहे ना, दोनाचे चार हात करून टाका म्हणजे ताळ्यावर येईल, हा सल्ला आपण सर्वांनी ऐकला आहे. कदाचित दिलाही असेल. मग एका घरात दोन माणसे दुःखी होतात, एकाला आपले काय चुकते ते कळत नाही आणि दुसरीला आपल्यापासून काय लपविले ते कळते.

कायद्याची वाट थोडक्यात सांगतो. इंग्लंडने २००९ साली केवळ स्वमग्नतेसाठी कायदा केला, आणि तो मुख्यतः प्रौढांसाठी होता. आपल्या १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि तो आणण्यामागे 'आमच्या पश्चात काय' हा पालकांचा प्रश्न होता. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते आणि आईबाप त्याच्या वतीने सही करू शकत नाहीत. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा सहभाग असलेली स्थानिक समिती पालकत्व नेमून देऊ शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नता घेतली आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांत या गटाला इतर काही गटांबरोबर मिळून एक टक्का ठेवला. कागद झाला, हे थोडे नाही. पण डोनाल्डला खिडकीमागे बसविले ते कायद्याने नव्हे, आणि आमच्या वाड्यातील गृहस्थांची खुर्ची कायद्याने अडविलेलीही नव्हती.

डोनाल्ड ट्रिपलेट १५ जून २०२३ रोजी वारला. वय ८९. बँकेशी त्याचा संबंध ६५ वर्षांचा होता.

विटांची गोष्ट अर्धी राहिली आहे. त्या दोन पत्रकारांनी म्हाताऱ्या डोनाल्डला विचारले की त्या भिंतीतल्या विटा तुम्ही एका दृष्टिक्षेपात कशा मोजल्या? तो म्हणाला, मोजल्या नव्हत्या. आकडा मनानेच ठोकून दिला होता. मग ठोकून का दिला, असे त्यांनी विचारले. डोनाल्डने आपल्या नेहमीच्या पद्धतीने एका वाक्यात उत्तर दिले. त्या मुलांचे आपल्याविषयी चांगले मत व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती.